खांबाची दुसरी बाजू

गेल्या वर्षी उजवा गुडघा बदलला आणि बदामीच्या डोंगराचा माथा माझ्यापुरता संपला. जुने विद्यार्थी समजूत घालतात, "सर, आता खालूनच बघा, कडा तर समोरच आहे." कडा हाच सगळा घोटाळा आहे, हे त्यांना मीच शिकवलं होतं.

पस्तीस वर्षं दर डिसेंबरात मी मुलांना सोलापूर-गदग गाडीने तिथे नेलं. महाराष्ट्राचा ८० टक्क्यांच्या आसपास भाग बेसाल्टखाली, त्यामुळे आमच्या मुलांना थर म्हटलं की लाव्हाच आठवतो. तांबड्या वाळूखडकातले तिरपे पट्टे पाहिले की ती गप्प व्हायची. मग माझा प्रयोग सुरू. कड्यासमोर उभं राहायचं, डोळे बारीक करायचे, हात लांब करून म्हणायचं, "नदी तिकडे जात होती." जमिनीवर गवताचं पातंही उगवलं नव्हतं तेव्हाची नदी! मुलं हाताच्या रोखाने बघत राहायची. नटाला टाळी लागते तशी मला ती शांतता लागायची.

ट्रफ क्रॉस-बेडिंगमध्ये वाळूचे थर पन्हळीत पन्हळ बसवावी तसे बसलेले असतात. प्रवाहाला आडवा छेद गेला तर वाट्या दिसतात, प्रवाहाच्या रेषेत गेला तर कललेल्या रेघा. पण कडा तुटतो तो भेगांच्या मर्जीने, कुठल्याही कोनात. मग वीस-बावीस अंशांनी उतरणारा थर तिथे दहाच अंशांचा दिसतो, आणि दिशा म्हणाल तर कडा स्वतःची सांगतो, नदीची नाही. खरं उत्तर माथ्यावर. थर जिथे सपाट कापले गेलेत तिथे चंद्रकोरींची रांग दिसते. कोरीची उघडी बाजू ज्या अंगाला, तिकडे पाणी जात होतं. हे मी फळ्यावर काढायचो, परीक्षेत विचारायचो. कड्यासमोर मात्र हात आधी उठायचा.

सात-आठ वर्षांपूर्वी एक अबोल मुलगी, माझं खाली व्याख्यान चालू असताना, माकडांच्या वाटेने वर गेली. संध्याकाळी चहाच्या टपरीवर तिने वही पुढे केली. चाळीस कोरी मोजलेल्या, सरासरी दिशा माझ्या हातापासून पन्नास अंश बाजूला. "सर, माझं कुठे चुकलं?" मी होकायंत्राच्या चुंबकीय फरकाबद्दल काहीतरी पुटपुटलो. बदामीत तो फरक एक-दोन अंशांच्या पलीकडे जात नाही. तिला ते ठाऊक होतं. मला तर होतंच.

नावं ठेवण्याचा आमच्या धंद्यात मोठा सोस. लेण्यांच्या या खडकाचं नावच 'केव्ह टेंपल अरेनाइट'. अरेनाइट, कारण कणांमधला बारीक चुरा १५ टक्क्यांहून कमी. त्याहून वाढला की वॅकी. माझे एक सहकारी सूक्ष्मदर्शकाखाली तीनतीनशे कण मोजून आयुष्यभर हेच ठरवत बसले. मी त्यांना गिरणीवाले म्हणायचो, पीठ बघून शेत सांगणारे. आजही म्हणतो. पण पन्नास अंशांनी चुकल्याचं त्यांना कुणी चहाच्या टपरीवर दाखवलं नाही, हेही खरं. आताची मुलं ड्रोन उडवतात आणि माथ्याचा नकाशा खोलीत बसून काढतात, दगडाला हात न लावता. मला ते मुळीच पसंत नाही. आणि मला एक ड्रोन हवाही आहे.

या जानेवारीत पहिल्या लेण्यापर्यंत कसाबसा चढलो आणि ओसरीत टेकलो. समोर चौकोनी खांब. खडकाचे पट्टे एका अंगावरून तिरपे उतरत कोपऱ्यापाशी आलेले आणि वळून दुसऱ्या अंगावर वेगळ्याच कलाने निघालेले. काटकोनातले दोन छेद! दोन्हींकडचे कल मिळाले की खरा कल आणि दिशा गणिताने निघते, माथा चढावा लागत नाही. सहाव्या शतकात चालुक्यांच्या पाथरवटांनी छेद घेऊन ठेवले होते, आणि मी पस्तीस वर्षं त्याच खांबांना टेकून पाणी पीत मुलांवर ओरडत होतो, लेणी मागाहून, आधी खडक.

फोन लांबूनच धरून एका अंगाचा कल घेतला. पहारेकरी बघत होता. बारा अंश. दुसऱ्या अंगाकडे जायला गुडघा सावरतोय तोवर बेळगावकडचं एक कुटुंब येऊन थांबलं.

"काका, खांबात काय बघताय?" त्यांच्या मुलाने विचारलं.

"वाळू. जुन्या नदीची."

"मग नदी कुठे जायची?"

अठरा हातांचा नटराज बाजूलाच होता. त्यातला एखादा हात तरी बरोबर दिशेला असेल. माझा एकच, आणि तो वर गेला होता. मुलगा त्याच्या रोखाने बघत गप्प झाला. खांबाची दुसरी बाजू अजून बघायची होती.