तुणतुण्याचा नातू

नारायणगाव ही तमाशाची पंढरी. विठाबाईंचे नाव साऱ्या महाराष्ट्राच्या ओठी आहे. पण लावणीमागे तुणतुणे धरून उभ्या राहणाऱ्याचे नाव कुणी विचारीत नाही. एक तार, एक खुंटी, तळाला कातडे. गाणारा कुठेही भटकून येवो, त्याला परतायला सूर जागेवर हवा, एवढेच त्याचे काम.

माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचे आजोबा असेच झीलकरी. नातवाने बेस गिटार घेतली, तेव्हा बाप माझ्याकडे आला. "गुरुजी, म्हाताऱ्यानं जल्मभर तुणतुणं धरलं, नाव कुणाचं झालं? ह्याला समजवा."

काय समजावणार? लिओ फेंडरने १९५१ साली ही विजेवरची गिटार अमेरिकेत बाजारात आणली. तारा चार, काम तुणतुण्याचेच: खालून गाणे सावरायचे. पोराने निवडलीही शहाणपणाने. रंगाला भुलला नाही; मान सरळ आहे ना आणि कुठल्या पडद्यावर तार खरखरते का, हे त्याने पाहिले.

जुळवणी घरी झाली. बाराव्या पडद्याशी तारेचा मध्य. तिथे बोट नुसते टेकवून निघणारा सूर आणि तार दाबून निघणारा सूर एकच हवा. आजोबा डोळे मिटून ऐकत होते.

"दाबल्यावर चढतोय रं."

पोराने घोडीवरचा स्क्रू फिरवून तारेचा टेकू जरा मागे घेतला. तार लांबली, सूर मिळाले.

बाप उंबऱ्यात उभा होता. तो आत आला नाही. पण निघूनही गेला नाही.