तीन ताऱ्यांचा मुलगा

माणसाची पारख करण्याचे काम धर्मगुरूच्या वाट्याला वारंवार येते. कुणाला नोकरीसाठी शिफारसपत्र हवे असते, कुणाच्या सोयरिकीत मुलाविषयी चौकशी होते, कुणी सेमिनरीत जाऊ इच्छितो आणि त्याच्याविषयी अहवाल पाठवायचा असतो. मुलगा आज कसा आहे हे लिहिणे फारसे कठीण नसते. तो पुढे कसा होईल, या प्रश्नापाशी मात्र लेखणी थबकते. अशा वेळी मला हटकून आठवतो तो अमेरिकेतील कॉलेज बास्केटबॉल. वाचकांना याचे नवल वाटेल, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

उच्च शिक्षणाच्या निमित्ताने २०१३ ते २०१५ या काळात माझे वास्तव्य विस्कॉन्सिन राज्यातील मिलवॉकी शहरात होते. रविवारी मी जवळच्या एका धर्मग्रामात मिस्सा अर्पण करण्यासाठी जात असे. हिवाळ्यात तेथे बर्फ गुडघाभर साचते आणि घराघरांत एकच विषय चघळला जातो, तो म्हणजे बास्केटबॉल. मिस्सेनंतरच्या कॉफीच्या वेळी बायबलच्या खालोखाल याच खेळाची चर्चा. मला प्रारंभी त्यातले काही कळत नसे. पण ज्यांच्यामध्ये राहायचे त्यांची सुखदुःखे समजून घ्यावीत, या भावनेने मी ऐकू लागलो आणि हळूहळू त्यात गुंतलो.

त्या देशात कॉलेजच्या संघात खेळणारा मुलगा शाळेत असतानाच निवडला जातो. पारखी मंडळी शाळांचे सामने आणि उन्हाळी स्पर्धा पाहतात, आणि देशभरातील मुलांची क्रमवारी लावतात. अगदी वरच्या पंचवीस-तीस मुलांना पाच तारे, त्यांच्या खालच्यांना चार, मग तीन, मग दोन. पाच ताऱ्यांच्या मुलाच्या दारात नामवंत विद्यापीठांचे प्रशिक्षक रांग लावतात. तीन ताऱ्यांच्या मुलाला एखाद-दुसरे लहान कॉलेज विचारते. दोन ताऱ्यांच्या मुलाला कुणी विचारले तर घरात सण साजरा होतो. कारण प्रश्न केवळ खेळाचा नसतो. शिष्यवृत्ती मिळाली तर चार वर्षांचे शिक्षण फुकट होते. न मिळाली तर सामान्य कुटुंबाच्या डोक्यावर कर्जाचा डोंगर उभा राहतो.

हे तारे अगदीच खोटे असतात असे कुणी समजू नये. पाच ताऱ्यांची मुले इतरांच्या मानाने कितीतरी अधिक प्रमाणात व्यावसायिक खेळाडू होतात. लेब्रॉन जेम्स शाळेत असतानाच तो असामान्य होणार असे सारे म्हणत होते, आणि तो झाला. पारखी लोकांची नजर जेथे पोहोचते तेथे ती बहुधा बरोबर पाहते. अडचण आहे ती न पोहोचणाऱ्या नजरेची. ज्याच्या आईवडिलांना गावोगावच्या उन्हाळी स्पर्धांचा प्रवासखर्च झेपत नाही, जो आडगावच्या शाळेत शिकतो, ज्याची उंची उशिरा वाढते, तो त्यांच्या वहीत येतच नाही. शिवाय एखाद्या बड्या विद्यापीठाने मुलाला विचारले की त्याचे तारे वाढतात, आणि तारे वाढले की आणखी विद्यापीठे विचारू लागतात. प्रसिद्धीच्या मागे प्रसिद्धी धावते.

आपल्या वाचकांना विशेष वाटेल अशी एक गोष्ट म्हणजे, अशा दुर्लक्षित मुलांपैकी काहींना पहिला आसरा दिला तो येशूसंघीयांच्या विद्यापीठांनी. बिल रसेल हा ओकलंडमधील गरीब घरचा काटकुळा कृष्णवर्णीय मुलगा. शाळेच्या संघातून त्याला वगळण्याचीच वेळ आली होती. त्याला शिष्यवृत्ती देऊ केली ती फक्त सॅन फ्रान्सिस्को विद्यापीठाने. त्या विद्यापीठाने १९५५ आणि १९५६ अशी लागोपाठ दोन वर्षे राष्ट्रीय अजिंक्यपद मिळविले, आणि पुढे व्यावसायिक खेळात रसेलने बोस्टनसाठी तेरा वर्षांत अकरा अजिंक्यपदे जिंकली. स्टीव्ह नॅश हा कॅनडातील व्हिक्टोरिया शहरातला. त्याच्या शाळेतील प्रशिक्षकांनी तीसहून अधिक अमेरिकन विद्यापीठांना त्याच्याविषयी लिहिले. शिष्यवृत्ती देणारे निघाले एकटे सांता क्लारा. १९९३ साली त्या लहानशा विद्यापीठाने बलाढ्य अॅरिझोनाला ६४-६१ असे हरविले, तेव्हा शेवटच्या क्षणांत सलग सहा फ्री थ्रो अचूक टाकणारा मुलगा पहिल्या वर्षाचा नॅश होता. २००५ आणि २००६ मध्ये तो व्यावसायिक लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला.

मिलवॉकीत मार्क्वेट विद्यापीठाच्या परिसरात ड्वेन वेडचे नाव आजही जिव्हाळ्याने घेतले जाते. शिकागोजवळच्या शाळेतून आलेल्या या मुलाला मोजक्याच विद्यापीठांनी विचारले होते. प्रवेशपरीक्षेत गुण कमी पडले म्हणून पहिले संपूर्ण वर्ष त्याला एकही सामना खेळता आला नाही. ते वर्ष त्याने अभ्यासात आणि सरावात काढले. २००३ साली त्याच मुलाने पहिल्या क्रमांकाच्या केंटकीविरुद्ध २९ गुण, ११ रिबाउंड आणि ११ पास अशी कामगिरी करून मार्क्वेटला देशातील अखेरच्या चार संघांत नेले.

मात्र गुणग्राहकता ही काही आपल्याच मंडळींची मिरास नाही. स्टीफन करीचे वडील स्वतः नामांकित खेळाडू. पण ज्या विद्यापीठात ते खेळले त्यानेही मुलाला शिष्यवृत्ती देऊ केली नाही. तो सडपातळ होता, उंची बेताची होती. त्याला घेतले ते डेव्हिडसन या प्रेस्बिटेरियन परंपरेच्या लहान कॉलेजने. २००८ च्या राष्ट्रीय स्पर्धेत करीच्या डेव्हिडसनने पहिल्या दोन सामन्यांत हरविले ते गोंझागा आणि जॉर्जटाउन यांना, आणि ही दोन्ही विद्यापीठे येशूसंघीयांची! या करीची एक हकिगत मला फार मोलाची वाटते. कॉलेजच्या पहिल्याच सामन्यात त्याने तेरा वेळा चेंडू गमावला. दुसरा एखादा प्रशिक्षक त्याला बाकावर बसविता. बॉब मॅककिलप यांनी त्याला पुढच्याच सामन्यात पुन्हा उतरविले, आणि त्या दिवशी त्याने मिशिगनविरुद्ध ३२ गुण केले.

अशा कथा ऐकल्या की मन उचंबळते, आणि नेमके तेथेच सावध व्हावे लागते. याचा धडा मला त्या धर्मग्रामातच मिळाला. तेथील एका बसचालकाचा मुलगा शाळेच्या अखेरच्या वर्षात होता. सहा फूट चार इंच उंची, तीन तारे. एका लहान कॉलेजने पूर्ण शिष्यवृत्ती देऊ केली होती. दुसरीकडे कुणीतरी वडिलांच्या मनात भरवून दिले होते की, आणखी एक वर्ष एखाद्या खासगी निवासी शाळेत घालवावे, नाव होईल, मग मोठी विद्यापीठे येतील. त्यासाठी घर गहाण ठेवावे लागणार होते. आई परिचारिका होती. तिला ते मान्य नव्हते. घरात अबोला धरला गेला होता. एके रविवारी दोघेही माझ्याकडे आले आणि वडिलांनी विचारले, “फादर, आमचा मुलगा किती मोठा होईल, हे कोण सांगू शकेल?”

मी तर या खेळात नवखा. त्याच धर्मग्रामात शाळेतून निवृत्त झालेले एक वयोवृद्ध प्रशिक्षक होते, त्यांच्याकडे मी त्यांना घेऊन गेलो. आजोबांनी आठवडाभर मागून घेतला. ते मुलाचे दोन सामने आणि एक सराव पाहून आले. नंतर त्यांच्या स्वयंपाकघरातील टेबलाशी बसून त्यांनी आम्हाला जे समजावून सांगितले, ते मी त्या रात्री वहीत टिपून ठेवले.

ते म्हणाले की, मुलाने किती गुण केले हे सर्वांत शेवटी पाहावे. कोणाविरुद्ध केले हे आधी पाहावे. मग त्याचे वय महिन्यांत मोजावे. एकाच वर्गातील दोन मुलांत अकरा महिन्यांचे अंतर असू शकते, आणि त्या वयात अकरा महिने म्हणजे हाडामांसाचा मोठाच फरक. जो लवकर वाढला त्याची वाढ आता संपत आली असेल; जो उशिरा वाढतो आहे त्याचे खरे रूप अजून दिसायचे असेल. स्कॉटी पिपेन कॉलेजात आला तेव्हा सहा फूट एक इंच होता. काही वर्षांत तो सहा फूट सात इंचांवर गेला आणि लहानपणी शिकलेली चपळाई त्या उंचीत तशीच राहिली. असे होईल यावर पैज लावता येत नाही, पण शक्यता ध्यानात ठेवावी लागते.

त्यानंतर फ्री थ्रो. पंधरा फुटांवरून, समोर कुणी अडवायला नसताना चेंडू टाकायचा असतो. तेथे हाताचा खरेपणा कळतो. सामन्यातल्या लांबच्या फेकी दहा-वीसच असतात, त्यांत दैवाचा भाग मोठा. फ्री थ्रो वर्षभरात शंभरावर होतात, म्हणून त्यांची साक्ष अधिक विश्वासार्ह. मग पाय पाहावेत. बचाव करताना पाय आधी हलतात की हात, हे पाहावे. आणि शेवटी, चूक झाल्यानंतरचे पहिले तीन सेकंद पाहावेत. मुलगा पंचाकडे बघतो, सोबत्याला दोष देतो, की पाठ फिरवून बचावासाठी धावतो? आजोबांच्या मते या तीन सेकंदांत पुढली चार वर्षे दिसतात. तसेच गेल्या वर्षीचा मुलगा आणि यंदाचा मुलगा यांत काय बदलले, हेही विचारावे. आज कोठे उभा आहे याहून तो कोणत्या वेगाने चालला आहे, हे महत्त्वाचे.

हे ऐकताना मला आमच्या सेमिनरीची आठवण झाली. तत्त्वज्ञान आणि ईशज्ञान यांच्या अभ्यासाच्या त्या दीर्घ वर्षांत आमची पारख एका परीक्षेवर कधीच झाली नाही. पंगतीत कोण वाढतो, आजारी सोबत्याजवळ कोण बसतो, रागावल्यावर कोण किती लवकर शांत होतो, हे आमचे गुरुजन वर्षानुवर्षे न बोलता पाहत असत.

वडिलांनी पुन्हा विचारले, “पण किती मोठा होईल?” आजोबांनी एक आकडा सांगण्याचे नाकारले. त्यांनी तीन चित्रे मांडली. फार वाईट झाले तर गुडघा दुखावेल आणि हा मुलगा चार वर्षांची पदवी घेऊन बाहेर पडेल. बहुधा जे होईल ते असे, की दोन वर्षे तो बाकावर बसेल आणि पुढची दोन वर्षे संघाचा भरवशाचा खेळाडू होईल. फार चांगले झाले तर परदेशी कुठेतरी काही वर्षे व्यावसायिक म्हणून खेळेल. करी किंवा नॅश यांची नावे त्यांनी घेतली नाहीत. आम्ही ती काढली तेव्हा ते म्हणाले की, ज्यांचे पुस्तक झाले त्यांचीच नावे आपल्याला आठवतात. त्यांच्याइतकेच कष्ट करून जे घरी परतले त्यांची नावे फक्त त्यांच्या प्रशिक्षकांना ठाऊक असतात. कॉलेजात खेळणाऱ्या शंभर मुलांतून जेमतेम एक अमेरिकेच्या व्यावसायिक लीगच्या निवडीत येतो. मग त्यांनी वडिलांना उलट विचारले, “पहिले चित्र खरे ठरले तर यांतील कोणता मार्ग तुम्हाला झेपेल?”

त्या प्रश्नाने घरातला वाद मिटला. मुलाने लहान कॉलेज पत्करले. तो दोन वर्षे बाकावर बसला, पुढची दोन वर्षे खेळला, आणि आजोबांचे मधले चित्र खरे ठरले. आज तो एका शाळेत गणित शिकवितो. त्याच्या आईने पाठविलेल्या नाताळच्या पत्रातून मला हे कळते. त्या पत्रात शिष्यवृत्तीचा उल्लेख असतो, गुणांचा नसतो.

त्यानंतर त्या खेळाचे जग बरेच बदलले आहे. २०२१ पासून कॉलेजच्या खेळाडूंना आपल्या नावलौकिकावर पैसे मिळविण्याची मुभा मिळाली, आणि एका विद्यापीठातून दुसऱ्यात जाऊन लगेच खेळणेही सोपे झाले. खेळाडूंच्या श्रमाचे मोल त्यांना मिळू लागले ही न्यायाचीच गोष्ट आहे. परंतु याचा दुसरा परिणाम असा की, लहान कॉलेजच्या प्रशिक्षकाने एखाद्या दुर्लक्षित मुलावर दोन वर्षे मेहनत घ्यावी आणि तो बहरला की बड्या विद्यापीठाने त्याला उचलून न्यावे. तसेच शाळेतून नुकत्याच आलेल्या कच्च्या मुलासाठी थांबण्यापेक्षा तयार खेळाडू आणणे अनेकांना सोयीचे वाटते. तीन ताऱ्यांच्या मुलाला आता थांबणारा माणूस मिळणे अधिक अवघड झाले आहे.

म्हणून आज कुणाविषयी अहवाल लिहिताना मी आजोबांची रीत पाळतो. मुलगा कोणाच्या तुलनेत लहान ठरला ते पाहतो, गेल्या वर्षाहून तो किती पुढे आला ते विचारतो, आणि चूक झाल्यावर तो कोठे धावतो याची चौकशी करतो. अखेरीस एक ओळ जागा सोडून लिहितो, की या मुलाला दोन वर्षे द्यावीत. बॉब मॅककिलप यांनी त्या तेरा चुकांनंतर करीला दुसऱ्या दिवशी खेळविले नसते, तर तो पुढे काय होऊ शकला असता, हे जगातील कोणत्याही पारख्याला सांगता आले नसते.