उंद्रीचं कुसळ

अंटार्क्टिकाहून उंद्रीला, आमच्या गावी, परत आलो त्या संध्याकाळी पारावर पहिला प्रश्न पेंग्विनचा निघाला नाही, बर्फाचाही नाही. "गुरुजी, जहाजात जेवाले काय भेटे?" आणि लगेच दुसरा, "अन् संडास?" दोन्ही प्रश्न रास्त. निघण्याआधी मलाही हेच पडले होते, लेकीला विचारायची लाज वाटली एवढंच.

तर जेवण भरपूर. शाकाहारी लिहून दिलं होतं, तेव्हा मसुरीचं वरण मिळालं. जहाजावरचे त्याला सूप म्हणत. बायकोनं बांधून दिलेली जवसाची चटणी तिसऱ्या दिवशी वाढप्यानं चाखली आणि पुढं रोज आमच्या टेबलाशी जरा जास्तच रेंगाळायला लागला. संडास विमानातल्यासारखा, बटण दाबलं की फस्सकन ओढून घेणारा.

लेक कॅनडात नोकरी करते. खर्च तिचा, सोबतही तिचीच. आकडा गावात कुणाला सांगितला नाही. ट्रॅक्टर आला असता, इतकंच म्हणतो. तीस-बत्तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत भूगोल शिकवला, आणि समुद्र पाहिला तो सहलीत, अलिबागला. 1981 च्या डिसेंबरात डॉ. कासिम यांच्या नेतृत्वाखाली 21 जणांची पहिली भारतीय अंटार्क्टिका मोहीम गोव्याहून 'पोलर सर्कल' जहाजानं निघाली, तेव्हा मी डी.एड.ला होतो. पुढं तिसऱ्या मोहिमेत आपल्या नागपूरला जन्मलेल्या समुद्रशास्त्रज्ञ अदिती पंत गेल्या. त्यांचं नाव मी दर वर्षी फळ्यावर लिहायचो. ती माणसं कामाला गेली होती, मी बघायला. हा फरक जहाजावर पाय ठेवताना मनात होता.

अर्जेंटिनाच्या टोकाला उशुआया नावाचं बंदर आहे, तिथून 2024 च्या डिसेंबरात निघालो. प्रवासी शंभरच्या थोडे वर. जहाज लहान का, तर अंटार्क्टिकात एका ठिकाणी एका वेळी शंभरच माणसं उतरू शकतात, आणि पाचशेच्या वर प्रवासी असलेल्या जहाजातून कुणालाच उतरवत नाहीत. मोठ्या जहाजातली माणसं काचेतून बर्फ बघून परततात. दोर सुटण्याआधी सगळ्यांना नारिंगी जाकिटं घालून जीवरक्षक होडीपाशी उभं केलं, हजेरी घेतली. शाळेची प्रार्थना आठवली.

मग ड्रेक. दक्षिण अमेरिका आणि अंटार्क्टिका यांच्या मधला हा समुद्र आठशे किलोमीटरच्या आसपास रुंद. आम्हाला दोन दिवस लागले. मध्ये अडवायला जमीनच नाही, म्हणून वारा आणि लाट पृथ्वीभोवती मोकाट फिरतात. जेवणाच्या टेबलांना कडा, खुर्च्या साखळीनं जमिनीला बांधलेल्या, बोळातल्या कठड्यात ओकारीच्या कागदी पिशव्या फुलांसारख्या खोचलेल्या. चालताना एक हात कायम जहाजाला, आणि दाराच्या चौकटीवर बोट ठेवायचं नाही. दार आपटलं की बोट गेलं. लेकीनं कानामागं औषधाची पट्टी लावली होती, तरी ती आडवी. मी मात्र ठणठणीत. बैलगाडीत वाढलेल्या हाडांचा गुण असेल. आमची खोली खालच्या मजल्यावर, मधोमध. स्वस्त म्हणून घेतलेली, पण हेलकावे तिथंच कमी बसतात हे कळल्यावर वरच्या मजल्यावरच्या बाल्कनीवाल्यांची मला कीव आली.

दुसऱ्या दिवशी एका हॉलमध्ये बोलावलं. वरचे कपडे, बूट, पिशव्या सगळं घेऊन. तिथं व्हॅक्यूम क्लीनर, ब्रश आणि चिमटे मांडलेले. किनाऱ्यावर बाहेरचं बी, माती, किडा जाऊ नये म्हणून तपासणी. जहाजानं दिलेलं जाकीट कोरंच होतं. पण पाठपिशवी माझी, शेतात नेतो तीच. धुऊन आणली होती. तपासणाऱ्या बाईनं शिवण उलटी केली, कपाळावरच्या दिव्याच्या उजेडात बघितलं आणि चिमट्यानं काहीतरी ओढलं. निघेना. मागं ओढलं की ते आणखी रुतत होतं. शेवटी पुढून ढकलून काढलं आणि तळहातावर माझ्यासमोर धरलं.

कुसळ. बांधावरचं, लांब शेपटीचं, पीळ पडलेलं कुसळ. ओल लागली की पीळ सुटतो आणि टोक मातीत घुसतं. गडी कापणीच्या वेळी पायजम्यातून हेच उपटत बसतात. उंद्रीहून मुंबई, तिथून अर्धी पृथ्वी आणि ड्रेकचा दीड दिवस त्यानं माझ्यासोबत फुकट केला होता.

बाई रागावली नाही. नाव काय, म्हणून विचारलं. मी "कुसळ" म्हणालो, तिनं ते दोनदा म्हणून बघितलं. मला मात्र शरमेनं घाम फुटला, कारण ती का शोधते आहे हे त्या हॉलमध्ये माझ्याइतकं कुणाला कळत असेल असं वाटत नाही. गाजरगवत परदेशातल्या गव्हाबरोबर आलं म्हणतात. आज आमच्या धुऱ्यावर, रस्त्याच्या कडेला, शाळेच्या मैदानात तेच आहे आणि ते उपटणाऱ्या बायांच्या हाताला खाज सुटते. अंटार्क्टिकावर मुळातल्या फुलणाऱ्या वनस्पती दोनच. तिथंही माणसांच्या पायानं एक परकं गवत पोचलेलं आहे. मी उरलेल्या पिशवीच्या शिवणी स्वतः उलट्या करून दिल्या.

त्यानंतर किनारा. उतरताना बूट जंतुनाशकात, परतताना पुन्हा. रबरी होडीत दहाजण, दोन्ही बाजूंच्या फुगीर कडांवर. खलाशी हात देतो तो हस्तांदोलनासारखा नाही, मनगटाला मनगट. खाली बसायचं नाही, पिशवीसुद्धा बर्फावर टेकवायची नाही. कारण तेव्हा बर्ड फ्लूची साथ होती. पेंग्विनपासून पाच मीटर दूर. पेंग्विनला मात्र नियम नाही. एक शेजाऱ्याच्या घरट्यातला खडा चोरून माझ्या बुटावरून निघून गेला. वास म्हणाल तर कोंबड्यांच्या खुराड्यात सुकट कुजत घातल्यासारखा. थंडीचं म्हणाल तर शून्याच्या आसपास. वारा नसला तर जानेवारीतल्या पहाटे हरभऱ्याला पाणी द्यायला जातो, त्यापेक्षा फार वेगळं नाही.

रोज रात्री उद्याचा कार्यक्रम छापून लावत आणि रोज सकाळी तो बदलत. लमेअर नावाची अरुंद सामुद्रधुनी बघायची होती. तोंडाशीच बर्फ दाटलेला, कप्तानानं जहाज वळवलं. दुसऱ्या दिवशी वाऱ्यानं उतरणं रद्द. एक गृहस्थ मोहीमप्रमुखाशी भांडायला गेले, आम्ही पैसे भरलेत म्हणून. मी खिडकीशी चहा पीत बसलो. मृगाच्या भरवशावर सोयाबीन पेरणाऱ्याला हे कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

पोर्ट लॉकरॉय या ठिकाणी ब्रिटिशांचं एक जुनं ठाणं आहे, आता तिथं संग्रहालय आणि टपाल कार्यालय. परतल्यावर जेवणाचा प्रश्न जो विचारणार हे ठाऊक होतं, त्या पारावरच्या मित्राला मी तिथून कार्ड टाकलं. ते आधी फॉकलंडला जातं, मग इंग्लंडला, मग आपल्याकडं. जूनमध्ये आलं, पेरणीच्या धांदलीत. पोस्टमननं शेतात नेऊन दिलं. संध्याकाळी मित्र ते घेऊन माझ्या ओट्यावर आला, मातीच्या बोटांनी उलटसुलट केलं, तिकिटावरच्या पेंग्विनकडं बराच वेळ बघितलं.

"गुरुजी, ह्या कोंबडीपायी येवढे दूर गेल्ते का तुम्ही?"