जमिनीवरचा अंधार

वैशाली नगरातील आमच्या घराच्या गच्चीवरून रात्री आभाळाचा एक कोपरा तांबूस दिसतो. तो पोलाद कारखान्याचा उजेड. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते त्या कारखान्याच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले आणि पुढे नोकरीच्या ओढीने विदर्भातून जी मराठी कुटुंबे भिलाईत आली, त्यांतले आमचे एक. त्या उजेडाची सवय झालेल्या माणसाला निखळ अंधार ठाऊक नसतो, हे मला अलीकडे कळले.

माझी पुतणी सहवैमानिक आहे. गेल्या पावसाळ्यात ती रजा काढून दोन दिवस घरी आली होती. जेवणानंतर गच्चीवर बसलो असता मी तिला विचारले, रात्रीच्या प्रवासात सर्वांत अवघड काय? ती वादळाविषयी बोलेल, अशी माझी समजूत. ती म्हणाली, ''काका, मला धास्ती वाटते ती जमिनीवर. विमान जागेवरून हललं की धावपट्टीच्या तोंडाशी पोचेपर्यंत.''

मग तिने मला त्या वाटेची लिपी समजावून सांगितली. टॅक्सी-वेच्या कडांना निळे दिवे, मोठ्या विमानतळांवर मधल्या रेघेवर हिरवे, धावपट्टीच्या कडांना पांढरे. धावपट्टी जवळ आली की आळीपाळीने मिचकावणारे पिवळे दिवे, आणि काही ठिकाणी वाटेवर आडवी तांबड्या दिव्यांची ओळ; ती विझल्याशिवाय आणि तोंडी परवानगी मिळाल्याशिवाय पुढे जायचे नाही. काळ्या पाटीवर पिवळे अक्षर असेल तर आपण उभे आहोत ती वाट; पिवळ्या पाटीवर काळे असेल तर पुढे फुटणारी; तांबडीवर पांढरे आकडे म्हणजे धावपट्टी. मोठ्या विमानाच्या वैमानिकाला आपल्याच पंखांची टोके बहुधा दिसत नाहीत. एकजण विमान वळवतो, दुसरा नकाशावर बोट ठेवून वाट वाचतो. मुंबईसारख्या ठिकाणी तर दोन धावपट्ट्याच एकमेकींना छेदतात. पाऊस असला म्हणजे ओल्या जमिनीवर प्रत्येक दिव्याचे प्रतिबिंब पडते आणि निळ्या ठिपक्यांच्या त्या समुद्रात वळण कोठे आहे, ते उमगत नाही.

तिने तैपेईचे उदाहरण दिले. तारीख ऐकून मी चमकलो. ३१ ऑक्टोबर २०००. त्या रात्री आम्ही भिलाईकर जागे होतो. मध्यरात्री छत्तीसगड राज्य जन्माला येणार होते. आपल्याकडे पावणेनऊचा सुमार असताना तैपेईत सव्वाअकरा वाजून गेले होते आणि वादळी पावसात सिंगापूर एअरलाइन्सचे बोइंग ७४७ धावपट्टीकडे निघाले होते. त्याला जायचे होते डाव्या धावपट्टीवर. तिच्या अलीकडची उजवी धावपट्टी दुरुस्तीसाठी अंशतः बंद होती, पण टॅक्सी-वे म्हणून तिचा उपयोग चालू असल्याने तिच्याकडे वळणारी हिरव्या दिव्यांची रेघ ठळक पेटलेली होती. सरळ पुढे, योग्य धावपट्टीकडे नेणारे दिवे मात्र विरळ होते आणि त्यांतला एक बंदच होता. विमान ठळक रेघेमागून गेले. धावपट्टीशी विमान जुळल्याचे दाखवणारे एक यंत्र कक्षात होते. ते जुळले नाही, हे वैमानिकांच्या ध्यानातही आले. समोर धावपट्टी स्पष्ट दिसते आहे, मग यंत्राची गरज काय, असे म्हणून त्यांनी ते सोडून दिले. वेगात असलेले विमान बांधकामाच्या यंत्रांवर आदळले. १७९ जणांपैकी ८३ दगावले.

उजवी धावपट्टी बंद आहे, हे त्या वैमानिकांना माहीत होते. माहीत असूनही जे दिसेल अशी अपेक्षा होती, तेच त्यांना दिसले. आम्हा समीक्षकांना हा दोष परका नाही. फरक एवढाच, की आमच्या चुकीने कोणी मरत नाही आणि म्हणून ती वर्षानुवर्षे टिकते.

तेनेरिफचा अपघात तिने थोडक्यात सांगितला, कारण तो मी वाचलेला होता. २७ मार्च १९७७, दाट धुके, दोन जम्बो विमाने एकाच धावपट्टीवर, ५८३ मृत्यू. त्यानंतर 'टेक-ऑफ' हा शब्द उड्डाणाची प्रत्यक्ष परवानगी देताना किंवा ती रद्द करतानाच उच्चारावा, असा दंडक आला. आयुष्यभर व्यंजनेचे गोडवे गायलेल्या माझ्यासारख्याला ही निव्वळ अभिधेची भाषा नवी होती. पण मनात राहिले ते दुसरेच. डच विमानातील अभियंत्याने विचारले होते, ते दुसरे विमान धावपट्टीवरून बाहेर गेले नाही काय? ज्येष्ठ कॅप्टनने ठामपणे उत्तर दिले. अभियंता पुढे बोलला नाही.

''तुझ्यावर अशी वेळ आली आहे?'' मी विचारले.

ती थोडी थांबली. एका विमानतळावर, पावसात, असेच घडले होते म्हणाली. कॅप्टन तिच्या वडिलांच्या वयाचे. ते ज्या वाटेला वळू लागले ती नकाशातली नव्हती, असे तिला वाटले, खात्री नव्हती. ''दोन-तीन सेकंद गेले, काका. ते मला अजून आठवतात. मग म्हटलं, सर, थांबा, आपण कुठे आहोत ते मला कळत नाहीये.'' कॅप्टनांनी ब्रेक लावला आणि टॉवरला तसेच कळवले. वाट चुकीचीच होती. नंतर ते तिला एवढेच म्हणाले, की पुढच्या वेळी दोन सेकंदही घेऊ नकोस.

तेव्हा मी तिला, घरात कोणाला न सांगितलेली गोष्ट सांगितली. माझ्या पहिल्या पुस्तकातील एका लेखाचा सारा डोलारा एका कवितेतील एका शब्दावर उभा होता. तो शब्द म्हणजे मुद्रणदोष होता. माझ्या सिद्धान्ताला तो इतका सोयीचा होता, की पहिली आवृत्ती काढून पाहावी असे मला सुचलेच नाही. माझ्या वर्गातील एका विद्यार्थ्याने ती पाहिली होती. दोन वर्षे तो समोर बसून तो लेख माझ्या तोंडून ऐकत राहिला आणि नोकरी लागल्यावर त्याने मला पत्र लिहिले.

''वर्गात का नाही बोलला?''

''मी बोलू दिले नसते.''

''मग तुम्ही काय केलंत?''

''दुसऱ्या आवृत्तीत तो लेख बदलला.''

''आणि त्याचं नाव? प्रस्तावनेत?''

मी नाही म्हणून मान हलवली. ती काही बोलली नाही. कारखान्याच्या बाजूला आभाळ एकदम उजळले, आणि हळूहळू पुन्हा तांबूस झाले. तिला पहाटे रायपूरला निघायचे होते; गजर किती वाजताचा लावावा, एवढेच तिने उठताना विचारले.