मचूळ पाण्याचं माप

आमचं घर पेणच्या खारेपाटात. काका मिठागरावर. उधाणाचं पाणी उघाडीतून आत घ्यायचं, एका कप्प्यातून पुढच्यात सोडत उन्हानं आटवायचं, आणि २५ डिग्रीच्या आसपास मीठ धरायला लागतं. ही डिग्री उन्हाची नव्हे, बोमेची. पाणी किती जड झालं त्याची. समुद्राचं पाणी तीन-साडेतीनला असतं. काका काचेचा हायड्रोमीटर नळकांड्यात तरंगवून ती वाचतात.

इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षी हे काम सूक्ष्मलहरींवर करायचं माझ्या डोक्यात आलं. दीड मिलिमीटरच्या फायबरग्लास बोर्डावर नखाएवढं तांब्याचं कडं, त्याला बारीक चीर. हे कडं ठरावीक कंपनसंख्येला नाद धरतं, माझं २.४ गिगाहर्ट्झच्या जवळपास. टाळाला बोट टेकलं की नाद बदलतो ना, तसंच इथे. चिरेवर पाण्याची बारीक नळी ठेवली की नाद खाली येतो, कारण पाण्याचा विद्युत-अपार्यांक जवळपास ८०, हवेचा १. पाण्यात मीठ असेल तर त्यातले आयन ऊर्जा खातात आणि नाद बोथट होतो. मोजणीच्या यंत्राच्या पडद्यावर तो एका खळीसारखा दिसतो. पाण्याला धातू लागतच नाही, याचा मला फार अभिमान! मिठागरावर लोखंडाचं काय होतं ते लहानपणापासून बघितलेलं. बोर्ड घरीच फेरिक क्लोराइडमध्ये खोदला. मोरीवरचे तांबूस डाग अजून आहेत.

मार्चमध्ये आगरात गेले. उन्हात पडदा दिसेना, म्हणून डोक्यावरून टॉवेल घेऊन बसले. खाडीच्या पाण्याला खळी उथळ आली. पुढच्या कप्प्यात आणखी उथळ. वीस डिग्रीच्या पाण्याला तर जवळजवळ सरळ रेघ.

"बाय, झोपलं का तुजं यंत्र?" काकांनी विचारलं.

झोपलंच होतं. इतक्या खारट पाण्यात नाद उरतच नाही. नळी कड्यापासून लांब धरून पाहिली, तर फरकच दिसेना.

चिडून घरी आले आणि सहज आमच्या विहिरीचं पाणी नळीत भरलं. उन्हाळ्यात ते मचूळ होतं. डोंगराकडच्या विहिरीचं गोड पाणीही आणलं. दोघांच्या खळ्या चक्क वेगळ्या! दुपारी पुन्हा मोजलं तर सगळं सरकलेलं. दोन दिवस सोल्डरिंगवर संशय घेतला. मग कळलं, बाटली खिडकीत तापली होती. पाणी तापलं की त्याचा अपार्यांक उतरतो. तेव्हापासून सगळ्या बाटल्या आधी एकाच टबात, थर्मामीटरसकट. आजीला हा सगळा खटाटोप वाटे. तिला एका घोटात कळायचं.

प्रोजेक्टच्या नावातून मिठागर काढलं, विहीर घातली. काकांना हे सांगितलं तर ते म्हणाले, शहरातून येताना नवा हायड्रोमीटर आण. जुना मीच फोडला होता, नळी बसवताना.