शल्यगृहातील चित्रकार

व्यापारी घरातील मुलगी तासन् तास चित्रे काढू लागली, की वडीलधाऱ्यांचा पहिला प्रश्न मिळकतीचा असतो. प्रश्न गैर नाही. त्यातून तिला जीवशास्त्रातही गती असेल, तर ‘दोहोंपैकी एक काय ते धर’ असा सल्ला हमखास मिळतो. ज्यांनी दोन्ही धरले आणि त्यावर आयुष्यभर चरितार्थ चालविला, अशा माक्स ब्रोडेल यांचे चरित्र म्हणूनच पाहण्याजोगे आहे.

ब्रोडेल यांचा जन्म १८७० मध्ये जर्मनीतील लाइपझिगचा. कला अकादमीत शिकत असताना शरीरक्रियाशास्त्रज्ञ कार्ल लुडविग यांच्यासाठी ते चित्रे काढीत. १८९४ च्या जानेवारीत ते अमेरिकेत, बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात दाखल झाले. शल्यविशारद हॉवर्ड केली यांच्या स्त्रीरोग-शस्त्रक्रियांवरील ग्रंथाची चित्रे त्यांना काढावयाची होती. हा ग्रंथ १८९८ मध्ये दोन खंडांत प्रसिद्ध झाला.

जिवंत ऊती ओलसर व तकतकीत असते, आणि शाईच्या रेघांत तो ओलावा उतरत नाही. ब्रोडेल यांनी खडूचा लेप दिलेल्या पुठ्ठ्यावर कोळशाची पूड कुंचल्याने पसरून छाया आणल्या आणि चकाकीच्या जागी लेप खरवडून पांढरा ठेवला. छायाचित्र त्या काळीही होतेच. पण त्यात रक्त, चिमटे, बोटे सारे एकाच मोलाने उमटते. काय दाखवावे आणि काय गाळावे हे चित्रकारच ठरवितो, आणि त्यासाठी विषय समजलेला असावा लागतो. समजल्याविना रेघ ओढायची नाही, हा ब्रोडेल यांचा दंडक होता.

या दंडकामुळेच चित्रकाराच्या हातून एक शोध लागला. मूत्रपिंडातील रक्तवाहिन्या काढावयाच्या, तर त्या आत कशा पसरतात हे आधी कळावयास हवे. म्हणून ब्रोडेल यांनी वाहिन्यांत द्रव्य भरून त्यांचे साचे तयार केले. पुढच्या व मागच्या बाजूच्या धमन्यांची क्षेत्रे जेथे भेटतात, तो पट्टा मूत्रपिंडाच्या मध्यकडेवर नसून थोडा मागे असतो, हे त्यांना आढळले. तेथे छेद घेतल्यास रक्तस्राव कमी होतो. १९०१ मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केले. मूतखडा काढण्यासाठी पाठीतून मार्ग करणारे शल्यविशारद आजही ‘ब्रोडेलची रेषा’ विसरत नाहीत. या कामाची किंमतही त्यांनी मोजली. १८९९ मध्ये जंतुसंसर्गाने त्यांच्या डाव्या हातातील मज्जातंतूला इजा झाली. ते उत्तम पियानोवादक होते, त्यामुळे हा आघात दुहेरी होता.

आता पैशाचा प्रश्न. ब्रोडेल यांचे वेतन केली स्वतःच्या खिशातून देत. एका गृहस्थाच्या उत्पन्नावर उभा असलेला व्यवसाय त्याच्यापुरताच टिकतो, हे कोणताही हिशेबनीस सांगेल. सहकारी डॉक्टर थॉमस कलन यांनी कायम निधीसाठी खटपट केली आणि बाल्टिमोरचे रेल्वे-उद्योगपती हेन्री वॉल्टर्स यांनी तो दिला. त्यातून १९११ मध्ये वैद्यकीय चित्रकलेचा जगातील पहिला विद्यापीठीय विभाग सुरू झाला. आपल्याकडे औषधदान व ज्ञानदान असे दोन स्वतंत्र प्रकार सांगितले आहेत; या एका देणगीत दोन्ही साधले. १९४१ मध्ये ब्रोडेल यांचे निधन झाले. पुढे १९४५ मध्ये अमेरिकेत या चित्रकारांची संघटना उभी राहिली, तीत त्यांच्या शिष्यांचा पुढाकार होता.

विभाग आजही चालू आहे. चित्रकलेचा नमुना-संग्रह आणि विज्ञानाचा पाया असे दोन्ही असलेल्यांनाच तेथे प्रवेश मिळतो. तेथील विद्यार्थी शरीररचना शिकतात, पेन्सिलही चालवितात आणि संगणकावर त्रिमितीय चलच्चित्रेही करतात. रुग्णालये, प्रकाशनसंस्था, औषध कंपन्या, न्यायालयात पुरावा समजावून देणारे वकील असे ग्राहक या कलेला मिळतात.

माध्यम बदलले, अडचण मात्र तीच राहिली. ऑस्ट्रेलियातील मेलबर्नचे जीवशास्त्रज्ञ ड्रू बेरी यांनी पेशीतील डीएनएची नक्कल कशी होते हे चलच्चित्रांतून दाखविले. प्रत्यक्ष पेशीत रेणूंची एवढी दाटी आणि धक्काबुक्की असते, की सारेच दाखविले तर काहीच दिसणार नाही. म्हणून अशा चित्रात बहुतेक रेणू गाळावे लागतात, आणि कोणते गाळायचे हे ठरविण्यातच चित्रकाराचे बरेचसे दिवस जातात.