आठही दिवे लागत होते

पुण्यात सदाशिव पेठेत वहिनींची अभ्यासिका आहे. खालच्या मजल्यावर मुख्य राउटर, वर दुसरा आणि दोघांना जोडणारी एक लॅन केबल. वरचं नेट मधूनच पाच-दहा सेकंद जायचं आणि आपोआप परत यायचं. व्हिडिओ पाहणाऱ्यांना पत्ताही लागत नसे, पण ऑनलाइन पेपर सोडवणारा एखादा तडक खाली येऊन उभा राहायचा, ‘वहिनी, परत गेलं!’ वरचा राउटर नवा आणून झाला होता. त्याने काडीचा फरक पडला नव्हता.

पाहिलं तर दोन्ही राउटरांचा पत्ता १९२.१६८.०.१ आणि दोघंही आयपी वाटत बसलेले. एका घरात दोन कारभारी! वरच्याला ०.२ दिला, त्याचं डीएचसीपी बंद केलं. काही मोबाइलना मुळात नेटच मिळत नव्हतं, ती तक्रार मिटली. लाइन तुटायची मात्र थांबेना.

मग लॅपटॉप तारेने वरच्या राउटरला जोडला आणि दोन्ही राउटरांना पिंग लावून ठेवलं. नेट गेलं की वरचा बिनघोर उत्तर देतोय, खालचा गप्प. वरचा राउटर उचलून खाली आणला, हातभर पॅचकॉर्डने जोडला. संध्याकाळपर्यंत एकही पिंग चुकलं नाही. म्हणजे राउटर दोन्ही धडधाकट, दोष केबलचा. शिवाय इमारतीचा पाण्याचा पंप सुरू झाला की लाइन हमखास तुटते, हेही तोवर ध्यानात आलं होतं. डक्टमध्ये केबल पंपाच्या वायरीला चिकटूनच गेली होती.

वायरमनने टेस्टर लावला. एक ते आठ, सगळे दिवे ओळीने लागले. ‘केबल ओके आहे साहेब. दोन्ही टोकं सेम आहेत.’

सेम होतीच. कनेक्टर उजेडात धरला तर पारदर्शक प्लास्टिकमधून रंग दिसत होते: नारिंगीची जोडी, हिरव्याची, निळ्याची, तपकिरीची. एकेक जोडी शेजारी शेजारी, दिसायला देखणी. पण तिसऱ्या आणि सहाव्या पिनवर एकाच जोडीच्या तारा लागतात. हिरव्या जोडीतली एक तिसऱ्यावर, दुसरी सहाव्यावर, मध्ये निळी जोडी. एकमेकींना पीळ घातलेल्या दोन तारांवर बाहेरचा गोंगाट सारखाच येतो. पलीकडचं पोर्ट त्यांच्यातला फरक तेवढा वाचतं, म्हणून गोंगाट वजा होतो. इथे तिसरी चौथीबरोबर पिळलेली, सहावी पाचवीबरोबर. पंपाचा गोंगाट वजा व्हायचा कसा? तार इकडून तिकडे पोचते का, एवढंच तो स्वस्तातला टेस्टर सांगतो. तिची जोडीदार कोण, हे त्याला कळत नाही.

दोन्ही टोकं छाटून नव्याने क्रिंप केली. राउटरच्या पानावर इतके दिवस १०० एमबीपीएस दिसत होतं, तिथे १००० आलं. संध्याकाळी पंप सुरू झाला, पिंग चालूच राहिलं.

खालच्या हॉलमधले पॉइंटही त्याच वायरमनने काढले आहेत. ते अजून उघडायचेत. वहिनींनी कनेक्टरचं पाकीट आणून ठेवलंय.